डोळे मिटून बोललेलं

अमरावतीत आमच्या चर्चच्या मंडळीची घरगुती प्रार्थना कुणाकडेही असली, तरी शेवटची प्रार्थना मलाच करायला सांगत. मी कॉलेजात मराठी शिकवतो; वाक्य कुठे थांबवायचं ते मला कळतं. घरी परतताना माझ्या प्रार्थनेबद्दल कोण काय म्हणालं ते मी मनात घोळवत येई. हे लिहिताना आज लाज वाटते.

आई अकोल्याला धाकट्या बहिणीकडे असायची. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी महिन्यातून एखादा रविवार जायचो. एकदा गेलो, तर आईच्या केसांच्या जटा झालेल्या. बहिणीला मी काहीच विचारलं नाही. संध्याकाळी खाटेजवळ प्रार्थनेला बसलो, तेव्हा डोळे मिटले आणि म्हणालो, "हे प्रेमळ पित्या, ज्यांच्या हाती तू म्हाताऱ्या आईबापांची सेवा सोपवलीस, त्यांची अंतःकरणं जागी कर. त्यांच्या हातांतला आळस काढून टाक."

प्रार्थनेत मध्येच कुणी उलट बोलत नाही. बहिणीने 'आमेन' म्हटलं आणि भाकरी टाकायला आत गेली.

आई माझ्याकडे बघत होती. "हे तू देवाले सांगतलं का तिले?"

"प्रार्थनाच केली, आई."

"मीच तिले डोक्याले हात लावू देत नाई. फणी लागली का कळ येते. विचारता नसतं आलं तुले? ती तं इथंच बसली होती. देवाच्या हातून चिठ्ठी काहून पाठवतं?" ती थोडं हसली, मग दम घेऊन म्हणाली, "तिच्याशी बोल पयले. मंग माह्यासाठी पुन्हा प्रार्थना कर."

गाडीची वेळ झाली, असं सांगून मी निघालो. वेळ झालेली नव्हती. अकोला स्टेशनवर तासभर बसलो. 'आळस' हा शब्द जरा कठोर झाला, दुसरा हवा होता, एवढंच तेव्हा मनात येत होतं. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरेपर्यंत तो दुसरा शब्द सापडलाही.

पुढचे दोन महिने मी गेलो नाही. पेपर तपासायचे आहेत, असं कळवलं. मग बहिणीचा फोन आला, तो आई गेल्याचाच.

शवपेटीत आईची बारीक वेणी घातलेली होती. बहिणीने तेल लावून, एकेक गुंता बोटांनी सोडवला होता. आता आईला दुखणार नव्हतं.

अकोल्याला बहिणीच्या घरी झालेल्या स्मरणप्रार्थनेला पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं. डोळे मिटले. वाक्यं येत होती, एकामागून एक, नेहमीसारखी. मी डोळे उघडले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "त्या दिवशी मी देवाशी बोलत नव्हतो. तुलाच टोचून बोललो. माझं चुकलं."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "बस आता खाली."

लोक गेल्यावर आम्ही दोघंच कपबशा विसळत होतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा, आई दर रविवारी विचारे, आला का तो? त्याची माह्यासाठी एक प्रार्थना राह्यली, म्हणे."

मी हातातली बशी पुन्हा पुन्हा विसळत राहिलो.