तांब्याच्या भट्टीच्या उंबऱ्यावर

लंडनजवळ ब्रॅकनेलच्या आमच्या घरी सासू-सासरे पहिल्यांदा आले तो दोन हजारच्या दशकातला मधला कुठला तरी उन्हाळा. पाहुणे यायच्या आधी बघायच्या ठिकाणांची यादी करायची माझी सवय आहे, तशी ती केली होती. राजवाडा, म्युझियम, नदीतली बोट, एजवेअरला मावसबहिणीकडे जेवण. सासऱ्यांनी चष्मा लावून यादी नीट वाचली, पेन मागितलं आणि खाली एकच ओळ लिहिली: स्कॉटलंडमधली व्हिस्कीची जुनी डिस्टिलरी.

माझ्या सासऱ्यांनी तोवर आयुष्यात दारू चाखलेली नव्हती. नोकरी मात्र त्यांनी दारूचीच केली. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचा विभाग होता, तिथे ते केमिस्ट होते आणि तिथूनच निवृत्त झाले. सासूबाई कीर्तनकाराच्या घरातल्या. स्थळ आलं तेव्हा मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे एवढंच सांगितलं गेलं. साखर म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. विभाग कोणता ते त्यांना लग्नानंतर कळलं. भांडण वगैरे झालं नाही. घरात फक्त एक नियम आला. कामावरून आल्यावर मागच्या दारी कपडे काढायचे, आंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. कारखान्याच्या कॉलनीत सगळी हयात काढूनही त्या नवऱ्याच्या प्लांटच्या फाटकापाशी कधी गेल्या नाहीत.

हे मला सासऱ्यांनीच सांगितलं, आमच्या किचनमध्ये भांडी पुसता पुसता.

"तिला एकदा दाखवायचं होतं," ते म्हणाले. "आमचा प्लांट आता भंगारात गेला. निदान या लोकांचा तरी बघू दे. मी काय काम केलं ते तिला कळू दे."

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "येईन की. मी गाडीत बसेन."

नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. हीथ्रोहून अ‍ॅबर्डीनला विमानानं आणि पुढे भाड्याच्या गाडीनं. स्पे नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना सातूची शेतं लागली. सातू म्हणजे आपले जव. सासूबाई खिडकीतून पीक बघत होत्या आणि सासरे मागून मला इतिहास सांगत होते. जुन्या काळी या डोंगरांतून चोरून भट्ट्या लागायच्या. कर चुकवायचा, अधिकारी आला की भांडीकुंडी उचलून पळायचं. मग सरकारनं परवान्याची फी आवाक्यात आणली आणि चोरट्यांमधलेच काही जण रीतसर कारखानदार झाले.

"म्हणजे मूळ धंदा चोराचाच," सासूबाई म्हणाल्या.

डिस्टिलरी ओढ्याच्या काठी होती. दगडी, ठेंगणी, वर पॅगोडासारखं टोकदार धुराडं. आवारात ओळीनं पिंपं मांडलेली आणि भिंती इतक्या स्वच्छ की मला आमच्या ऑफिसची लाज वाटली. सासूबाई ठरल्याप्रमाणे गाडीत बसल्या. पण इतक्या प्रवासानंतर त्यांना टॉयलेटला जायचं होतं आणि टॉयलेट आत होतं. त्यामुळे त्या आत आल्या. बाहेर पडायची वाट सातू पसरलेल्या लांबलचक खोलीवरून जात होती. तिथे त्यांचे पाय थांबले.

फरशीवर भिजवलेल्या सातूचा जाड थर होता आणि दोन माणसं लाकडी फावड्यांनी तो उलटापालटा करत होती. आम्हाला माहिती द्यायला एक साठीच्या बाई होत्या. त्यांचे वडील आणि आजोबा इथेच कामाला होते. त्यांनी सांगितलं की दाण्याला मोड येऊ द्यायचे, पण वेळेत थांबवायचे, नाहीतर दाण्यातली गोडी मोडच खाऊन टाकतो. हे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर होतं, इथे मात्र अजून हातानं. मी भाषांतर करत होते, पण सासूबाईंना त्याची गरज नव्हती. त्यांनी वाकून एक दाणा उचलला, नखानं दाबला आणि हुंगला.

"मटकीचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "थांबवलं नाही तर वास मारते."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मध्ये बोलून काही बिघडवलं नाही, हे त्यांचं शहाणपण. पुढे सातू दळून गरम पाण्यात त्याचा गोडवा काढतात ते आम्ही पाहिलं. उरलेला चोथा आसपासच्या गायींना जातो हे कळल्यावर सासूबाईंनी मान डोलावली. मग आंबवण्याची लाकडी पिंपं आली, माणूस उभा बुडेल एवढी. वर फेस खदखदत होता. सासरे कठड्यावर वाकले आणि लहान मुलासारखे हसले. नाकाला झणका बसल्यावर डोळे पुसत म्हणाले, "आमच्याकडेही असंच."

त्यापुढचं दार भट्टीचं. आत तांब्याची मोठी भांडी दिसत होती. कांद्यासारखी पोटं आणि वर हंसासारख्या वाकलेल्या माना. घासूनपुसून इतकी लखलखीत की देवघरातली वाटावीत. भांडं झिजलं की नवं अगदी त्याच आकाराचं घडवतात, जुन्याला पोचा असेल तर नव्यालाही पोचा पाडतात असं म्हणतात, हे बाईंनी अभिमानानं सांगितलं. आकार बदलला तर चव बदलेल ही भीती.

सासूबाई उंबऱ्यावर थांबल्या. "मी इथेच बरी आहे."

सासरे आत गेले नाहीत. ते सासूबाईंजवळ उभे राहिले आणि तिथूनच मान उंचावून बघू लागले. एवढ्या लांबून आलेला माणूस दारातून परत जाणार असं मला दिसू लागलं. बाईंना यातलं काही कळलं नव्हतं. वातावरण हलकं करावं म्हणून त्यांनी जुनी प्रथा सांगितली. पूर्वी इथल्या कामगारांना रोज कामावर येताना आणि घरी जाताना मालकाकडून एकेक पेला मिळायचा. तो मिळाला नाही तर काम बंद.

भाषांतर करावं की नाही असा प्रश्न मला पडला. पण मी एक गाळून दुसरं सांगणाऱ्यातली नाही. सांगून टाकलं.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "यांना विचार, यांच्याकडे होती का ही पद्धत?"

इतक्या वर्षांचा प्रश्न तो हाच होता. मागच्या दारचे कपडे, आंघोळ, सगळं त्यात होतं. सासरे उंबरा ओलांडून आत गेले. मग म्हणाले, "अगं, तू आत ये. उत्तर आत आहे."

आणि त्या आत आल्या, पदर नाकाला लावून.

भट्ट्यांच्या समोर पितळी चौकटीची काचेची पेटी होती, भलं मोठं कुलूप लावलेली. भट्टीतून येणारा सगळा माल या पेटीतून वाहत जातो. सुरुवातीचा भाग वाईट, शेवटचाही वाईट, मधला तेवढा ठेवायचा. भट्टीवाला बाहेरून काचेतून बघतो, मापं वाचतो आणि बाहेरच्या दांड्या फिरवून धार इकडची तिकडे वळवतो. हात लावायचा नाही, चाखायचं नाही. पूर्वी किल्ली सरकारी अधिकाऱ्याकडे असायची.

"आमच्याकडे एक्साइजचा इन्स्पेक्टर असायचा," सासरे म्हणाले. "कुलूप त्याचं. मी नमुना नळीत घ्यायचो, मोजायचो आणि परत ओतायचो."

"एकदाही चाखलं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"ते स्पिरिट चाखणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. घसा सोलून निघतो."

"मग कपड्यांना वास कसला यायचा?"

"मळीचा. साखरेचाच भाऊ तो."

सासूबाईंनी त्या कुलपाला बोट लावून पाहिलं. पदर नाकावरून खाली आला होता. "हे एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तू कधी विचारलंस?"

दोघं वाकून काचेतली धार बघू लागले.

नंतर गोदाम. मातीची जमीन, गारवा, अंधार आणि झोपलेली पिंपं. पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते, तिला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. सासूबाईंना हे फार पटलं. नैवेद्य त्यांना कळतो. सासऱ्यांना वाट पाहण्याचं नवल वाटलं. "आमचा सकाळचा माल संध्याकाळी टँकरमध्ये. इथे भरणारा एक, उघडणारा त्याचा मुलगा."

शेवटी छोट्या खोलीत तीन पेले समोर आले. एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या सातूची, ती सिंगल माल्ट. तिन्ही इथल्याच, फक्त पिंपं वेगळी आणि वयं वेगळी. मला गाडी चालवायची होती. सासऱ्यांनी नुसता वास घ्यायचं ठरवलं. पहिल्याला मध, दुसऱ्याला ओल्या लाकडाचा धूर. तिसरी शेरी नावाच्या वाइनच्या पिंपातली. ते म्हणाले, "मनुका."

सासूबाईंनी पेला ओढून घेतला, हुंगला. "मनुका कुठली, खारीक आहे. दुधात शिजवलेली."

"मनुकाच."

"स्वयंपाक तुम्ही करता की मी?" आणि मग त्यांनी हळू विचारलं, "तुमच्या स्पिरिटला कसला वास यायचा?"

"काहीच नाही. वास आला तर माझी चूक. सगळे वास काढून टाकायचे, हेच माझं काम. हे लोक तेच जपून ठेवतात."

"काढायलाही यावं लागतं," असं म्हणून सासूबाईंनी पेला त्यांच्याकडे सरकवला. "घ्या. एकदा बघा तरी."

सासऱ्यांनी ओठ टेकवले, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "कसंय?"

"खारीक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीसाठी मी एक किल्ला ठरवला होता. गाडीत बसल्यावर तसं सांगितलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "किल्ले आपल्याकडे ढीगभर आहेत. यांना विचार, जवळपास आणखी एखादी भट्टी आहे का."