भाकरीच्या जागेवरून टीव्ही

टीव्ही समोरून बघायचा असतो हे साऱ्या जगाने मान्य केलं आहे. फक्त पेठच्या माझ्या साडूंनी केलेलं नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या यच्चयावत दुकानांतले टीव्ही त्यांनी पाहिले, पण एकही समोरून पाहिला नाही. सगळे कडेने, जमिनीवर बसून आणि मान वाकडी करून. त्या काळात त्यांच्या मोटरसायकलवर मागे पाट आणि परात सांभाळत मीच बसत असे, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

साडू शेतकरी. गोठ्यातले बैल जाऊन ट्रॅक्टर आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची खरेदीची रीत बैलबाजारातलीच राहिली. वस्तूभोवती फिरायचं, तिच्या पाठीवर थाप मारायची, कामाला जुंपून बघायची आणि मगच दावं हातात घ्यायचं. छताचा पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानात पंखा सुरू करायला लावून हे त्याखाली फरशीवर आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून ये-जा करत होती. बऱ्याच वेळाने उठून बसले आणि म्हणाले, "द्या बांधून. झोप लागती ह्याच्याखाली."

टीव्हीचं प्रकरण मात्र सुरू झालं आमच्या घरी, जुन्नरला. त्यासाठी आधी साडूंच्या घरातली बसायची व्यवस्था सांगायला हवी. टीव्ही मधल्या खोलीत. त्याच्या थेट समोर खुर्चीत त्यांचे वडील, आबा. शेजारी साडू. आणि माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण अक्का, कडेच्या स्वयंपाकघरात दाराजवळच्या चुलीपाशी. मालिकेची आणि भाकऱ्यांची वेळ एकच, त्यामुळे ती भाकरी थापता थापता मान वळवून बघणार. सासऱ्यासमोर खुर्ची ओढून बसायची त्या घरात रीत नाही.

तर दिवाळीत अक्का आणि साडू आमच्याकडे पाहुणे आले आणि हिने अक्काला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. नेहमीची मालिका लागली, तशी अक्का ओरडलीच.

"अगं बया! हिची साडी हिरवी हाय? मी आपली राखाडी समजत व्हते. मला वाटायचं, ह्या घरात कुणीतरी गेलंय आन् ह्यांचं सुतक काय फिटंना!"

आम्ही पोट धरधरून हसलो. साडू हसले नाहीत. त्यांची करंजी हातातच राहिली. त्यांच्या घरचा टीव्ही कडेने बघितला की रंग उडालेला दिसतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लग्नाची बायको आपल्याच घरात सगळं जग राखाडी बघते आहे, हे त्या माणसाला फार लागलं. निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, "साडूभाऊ, चुलीपासनं हिरवी दिसल असा टीव्ही आणायचा. मंग दुकानं पालथी घालायला लागली तरी चालंल."

आणि घातली. दुकानात शिरायचं, सगळ्यात अडचणीचा कोपरा धरायचा, पाट मांडायचा, पुढ्यात रिकामी परात घेऊन भाकरी थापल्यासारखे हात चालवायचे आणि मध्येच मान वळवून टीव्हीकडे बघायचं. मंचरचा एक दुकानदार बिचारा गडबडून गेला.

"पावणं, समोर या की! तिथनं काय दिसणार?"

"समोर आमचं आबा बसल्यात."

"कुठं?"

"त्या स्टुलाला आबा समजा. आन् मी आत्ता आमची मंडळी हाय."

दुकानदाराने स्टुलाकडे अदबीने पाहिलं आणि आबांना आडवं जायला नको म्हणून तो मागच्या बाजूने गेला.

नारायणगावच्या दुकानदाराने नीट समजावलं. पडद्याच्या दोन जाती. एकीत काळा रंग अगदी गडद, पण तो समोरच्याला. कडेला सरकलं की रंग फिके पडतात. दुसरीत काळा थोडा कमी गडद, पण कुठूनही बघा, रंग बदलत नाहीत. साडूंनी मान डोलावली. "म्हंजी पयला तोंडदेखला. त्यो नगो." मग दुकानदाराने हौसेने वाकलेल्या पडद्याचा टीव्ही दाखवला, मधोमध बसलं की तो आपल्याला कवेत घेतो म्हणे. साडू पाटावरून ताडकन उठले. "मधल्याला कवेत घेणार आन् चुलीकडं पाठ फिरवणार? ह्याला घरात घ्यायचा न्हाई!"

आकार ठरवायला त्यांनी खताची गोणी मापाने कापून भिंतीवर टांगली. जुना टीव्ही उतरवून ठेवलेला. आबा सवयीने खुर्चीत येऊन बसत आणि गोणीकडे बघत. चार-पाच दिवसांनी म्हणाले, "पहिल्यापरीस बरं हाय. जाहिराती न्हाईत."

अखेर दुसऱ्या जातीचा टीव्ही आला. आम्ही दोघं मुद्दाम पेठला गेलो. अक्काने पहिली भाकरी थापली, मान वळवली आणि म्हणाली, "दिसती वो! हिरवीच दिसती!" साडू पोरासारखे चुलीपासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून चुलीपर्यंत फिरत राहिले.

तेवढ्यात आमची ही बोलली. "दाजी, एवढी दुकानं पालथी घातलीत, त्यापेक्षा अक्कालाच समोर बसवायची की. भाकऱ्या थापायची सवय तुम्हाला झालीच आहे."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. "आयला," साडू म्हणाले, "हे डोक्यातच आलं न्हाई राव."

आबा खुर्चीवरून उठले. "ये सूनबाई. बस हितं." अक्का पदर सावरत खुर्चीच्या कडेवर टेकली. साडू चुलीपुढे बसले. रिकाम्या परातीत फिरणारे त्यांचे हात खऱ्या पिठात साफ फसले. तव्यावर जे पडलं त्याला भाकरी म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

थोड्या वेळाने अक्का उठून चुलीपाशी गेली.

"काय झालं? दिसत न्हाई व्हय?" साडू घाबरले.

"लई झ्याक दिसतं. पर समोरनं नुसता टीव्हीच दिसतो. हितनं आबा हसल्यालं दिसत्यात, तुमी गुपचूप डोळं पुसल्यालं दिसता." मग हात पिठात घालत हळूच म्हणाली, "इतकी वर्सं टीव्ही कमी आन् तुमालाच जास्त बघितलंय."

साडू खाली बघत बराच वेळ परातीच्या कडेचं पीठ खरवडत राहिले. मग त्यांनी पाट ओढला आणि अक्काच्या शेजारी दारात मांडला.

आता ते तिथेच बसतात. भाकरी अजून जमत नाही. पीठ पुढे करतात, जाळ सारतात, आणि दोघं मिळून कडेने टीव्ही बघतात. आबांशेजारची जागा रिकामी असते, गेलो की मी तिथे बसतो. समोरून चित्र छानच दिसतं. तरी माझं लक्ष सारखं त्या दाराकडे जातं, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांचा मला थोडा हेवाच वाटतो.