शेणाच्या ढिगाजवळची पानं

आमच्या आत्याला अब्रूचं भारी वेड. पाहुणा येणार म्हटलं की विरलेली चादर कपाटात आणि ठेवणीतली बाहेर! या वेडापायीच तिने स्वतःची चारशे झाडं घालवायला काढली होती.

आत्या रबराच्या मळ्यात चीक काढते. पहाटे सालीवर तिरका काप द्यायचा, खाली वाटी अडकवायची, उन्हं चढली की चीक गोळा करायचा. बारा वर्षं तिच्या वाट्याला तीच चारशे झाडं. पण गेल्या दोन वर्षांत वाट्या निम्म्याही भरेनात. म्हणून मॅनेजर तिला म्हणाला, "प्रत्येक ओळीतल्या झाडांची सावलीतली पानं तोडा, थोडी मातीही घ्या. तपासायला पाठवू."

तर ही बया काय करते? सावलीतली पानं पिवळट, कडा करपलेल्या. असली पानं परक्यांना दाखवायची? छे! शेणाच्या ढिगाजवळच्या चार झाडांची हिरवीगार, तुकतुकीत पानं तोडून पिशवीत भरली. मातीही तिथलीच!

अहवाल आला: कशाचीच कमतरता नाही. मॅनेजर म्हणाला, "मग झाडंच म्हातारी झाली. पुढच्या महिन्यात तोडू."

आत्याचं जेवण सुटलं. दोन दिवसांनी माझ्यापाशी सगळं ओकली. "खरं सांगितलं तर नोकरी जाईल गं."

"आणि झाडं तोडल्यावर राहणार आहे का? ऊठ आधी!" मी तडकलेच. मला राग लवकर येतो, पण त्या दिवशी तो कामी आला.

ऑफिसात तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅनेजर आधी लालबुंद झाला, मग त्याने कपाळावर हात मारला. "अहो बाई, आजाऱ्याऐवजी पैलवानाचं रक्त तपासायला दिलंत!"

दुसऱ्यांदा पानं तोडताना तो स्वतः सोबत होता. पालाश कमी, मॅग्नेशियम कमी निघालं. तोडणी थांबली, खत पडलं. पहिलं वर्ष कोरडंच गेलं. आत्या रोज पानं उलटून बघायची आणि मला विचारायची, "हिरवी वाटतात ना?" मला काय कळतंय! मी हो म्हणायचे.

परवा तिच्यासोबत मळ्यात गेले होते. वाटी काठोकाठ भरून चीक बाहेर ओघळत होता. आत्या तिथेच मातीत बसली आणि रडू लागली.

"म्हातारी नव्हती गं, उपाशी होती," ती म्हणाली. "आणि मी जगाला सांगत होते, आमची खाऊनपिऊन सुखी आहेत."