रोल धुवायचा आहे

आमच्या घरात आईचा एकही धड फोटो नाही. म्हणजे फोटो आहेत, पण सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले. स्वतःच्या लग्नात मिटलेले, माझ्या भावाच्या लग्नात मिटलेले, आणि रेशनकार्डावर तर ती झोपेतून उठवून बसवल्यासारखी दिसते. मी तिला चिडवायची, "बुद्धवंदनेला बसल्यावर मीट ना डोळे, फोटोत काहून मिटते?" ती म्हणायची, "मी कुठी मिटून राहिली वं? खटका वाजला का आपोआपच मिटतात." मोबाइलने काढावा तर ती स्वतःलाच त्यात बघून डोळे असे वटारते की त्यापेक्षा मिटलेले बरे.

मी पांढुर्ण्याला राहते आणि सौंसरच्या एका कचेरीत नोकरी करते. सकाळची बस, संध्याकाळची बस. संत्र्याच्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते. कचेरीतले एक बाबू रिटायर झाले तेव्हा कपाट रिकामे करताना त्यांनी जुना रिळाचा कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुम्ही न्या मॅडम, घरी नातू तोडून टाकते." मी तो का नेला, मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक बस, फाइल आणि पोळ्या यांच्या मध्ये माझे म्हणावे असे काहीच उरले नव्हते म्हणून.

मी एक नेम केला. रोज एक फोटो. एकच, पण रोज. ताप असो, कंटाळा असो, बस हुकलेली असो.

पहिला रोल नागपूरहून धुऊन आला तो कोरा. आतली पट्टी चाकात अडकलीच नव्हती. महिनाभर मी इमानदारीने हवेचे फोटो काढत होती. कशात काय अन् फाटक्यात पाय! दुसऱ्या रोलमध्ये सगळे पांढुर्णा भूकंपात सापडल्यासारखे हलले होते. तिसऱ्यात पौर्णिमेची पांढरी साडी नेसलेली आई उन्हात पार विरघळून गेली होती, नुसता चष्मा उरला होता. या कॅमेऱ्याची खरी चीड हीच. आज केलेली चूक महिन्या-दीड महिन्याने कळते, आणि तोवर आपण तीच चूक रोज नेमाने करत असतो. शहाणपण येते, पण मागच्या बसने.

तरी हळूहळू हात बसला. श्वास सोडून मग खटका दाबायचा, हे कळले. उजेड किती आहे हे तळहात समोर धरून बघायची सवय लागली. आणि एकच फोटो काढायचा असल्यामुळे दाबण्याआधी मी खूप वेळ नुसती बघत राहायची. आईला त्याचा वैताग यायचा. "काढते का नाही? माही भाजी करपून राहिली!"

मग एका संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. त्याच्या बायकोला नोकरी लागली होती, बाळ लहान होते. दोन-अडीच महिन्यांनी आईला न्यायला येतो, म्हणाला, आता तिथेच राहू दे तिला. आई म्हणाली, "हाव." मीही हाव म्हणाली. दुसरे काय म्हणणार? बाबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच होतो.

त्या रात्री जेवताना मी ठरवले की पुढचा अख्खा रोल फक्त तिचा. ती गेल्यावर या घरात माझ्याजवळ तिचा एक फोटो राहायला हवा होता, डोळे उघडे असलेला. तेवढेच मला पाहिजे होते. रोज सकाळी बसआधी मी एक फोटो काढू लागली. खटका कधी वाजणार हे तिला कळू नये म्हणून ती बोलत असतानाच दाबायचा, ही युक्ती मला या रोलमध्ये सापडली. विशेषतः ती रागावलेली असताना. रागावली की तिचे डोळे टपोरे होतात. शेवटचा फोटो मी डबा विसरून निघाली त्या सकाळचा. ती डबा हातात धरून दारातून ओरडत आली आणि मी वळून दाबला. या वेळी साधले, असे मला जवळजवळ नक्की वाटले.

रोल संपला. आता तो नागपूरला नेऊन द्यायचा होता. पण शनिवार यायचा आणि माझे पाय सुजलेले असायचे. रविवारी मी दुपारभर पडून राहायची. "रोल धुवायचा आहे," असे म्हणायची आणि कूस बदलायची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. छत्तीस फोटोंचा रोल घड्याळाशेजारी फळीवर पडून होता, आणि त्याचा-माझा छत्तीसचाच आकडा झाला होता. इकडे आई जायच्या आधी घरातले एकेक काम उरकत होती. तिखट कुटून झाले, गाद्यांना ऊन दाखवून झाले, माझ्या सगळ्या ब्लाउजची बटणे लावून झाली.

भाऊ यायच्या आदल्या रविवारी मी झोपेतून उठून अंगणात आली. दोरीवर गोधड्या वाळत होत्या. गोधड्यांच्या पलीकडे, लिंबाच्या सावलीत, एक लांब चिंचोळी पट्टी चिमटे लावून टांगली होती. तिच्या टोकाला रोलची डबी लोंबत होती आणि डबीतून पाणी ठिपकत होते.

"पाह्य, तुहा रोल धुतला म्या," आई म्हणाली. "रिठ्याच्या पाण्यात धुतला, साबण नाही लावला. कधीची म्हणून राहिली, धुवायचा आहे, धुवायचा आहे. मी गेल्यावर कोण धुणार होतं?"

मला भयंकर राग आला. आणि रागावून तरी कोणावर रागावणार? मी ओट्यावर बसली आणि रडू लागली. ती घाबरून जवळ आली.

"काय झालं वं? रंग गेला का त्याचा?"

मी तिला सांगितले की धुणे म्हणजे हे धुणे नव्हे. डबीतून पट्टी बाहेर काढली आणि उजेड लागला की संपले, आत काही राहत नाही. ती उठली, दोरीजवळ गेली आणि पट्टी उन्हात धरून बघत राहिली.

"काहीच दिसून नाही राहिलं," ती म्हणाली. "होतं काय यात?"

मी उठली. पट्टीच्या एका टोकाला बोट ठेवले आणि सांगू लागली. इथे तू वंदनेला बसली आहेस, उजेड नुसता डाव्या खांद्यावर आहे. इथे बोअरची मोटर जळली आणि तू मोटरला शिव्या देत आहेस. इथे माझ्यासाठी संत्रे सोलते आहेस, चष्मा कपाळावर आहे आणि तू तो शोधून राहिली आहेस. बोट सरकवत गेली तसे सगळे आठवत गेले, सावली कुठे पडली होती तेसुद्धा. इतक्या महिन्यांत मी फोटो काढायला शिकली की नाही, माहीत नाही. आईकडे बघायला मात्र शिकली होती. त्याने तेव्हा काही बरे वाटले नाही.

डबीपाशी येऊन बोट थांबले. "हा शेवटचा. डबा विसरली म्हणून ओरडत होतीस."

"आन् डोळे?" तिने विचारले. "उघडे होते?"

"उघडे होते."

तिने एकेक चिमटा काढला, पट्टी पदराने पुसली आणि अलगद गुंडाळून पुण्याला न्यायच्या पिशवीत साड्यांच्या मध्ये ठेवली.

"सुनेले दाखवतो," ती म्हणाली. "म्हणतो, पाह्य, यात माहे डोळे उघडे आहेत."