जिन्याखालचं कपाट

शाळेत सगळे त्यांना मावशी म्हणत. आधी त्या कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मशीन सुटलं आणि शाळेतली झाडलोट, घंटा आणि जिन्याखालचं एक कपाट त्यांच्या वाट्याला आलं. मुलं विसरून गेलेल्या वस्तू त्यात पडत. स्वेटर, बूट, डबे, कधी अख्खं दप्तर. वर्ष सरलं तरी न्यायला कुणी फिरकत नसे.

मावशी ते कपडे घरी नेऊन धुवायच्या, उसवलेलं शिवायच्या. थंडीत नुसत्या शर्टावर कुडकुडणारं पोर दिसलं की त्यांचा जीव तुटायचा. पहिल्यांदा त्यांनी एका मुलीला सगळ्यांदेखत स्वेटर घातला. दुसऱ्या दिवशी तिची आई तो घडी करून परत घेऊन आली. "आम्ही मागितला नव्हता," एवढंच म्हणाली. मावशींच्या ते जिव्हारी लागलं. आपलंच चुकलं, हेही कळलं.

मग त्या खोटं बोलायला लागल्या. एखाद्याला एकटं गाठून म्हणायच्या, "हे तुझंच ना रे? कधीचं पडलंय. ने बाबा, मला इथे जागा नाही." पोरं क्षणभर बघायची, समजायचं ते समजायची आणि मुकाट घेऊन जायची. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं.

चौथीतल्या एका मुलीपाशी मात्र गाडी अडली. वडील हमाली करायचे, आई चार घरची भांडी घासायची. पोरगी शब्दाला शब्द लावायची, म्हणून शिक्षिका तिला वकीलबाई म्हणत. मावशींनी निळा स्वेटर पुढे केला.

"माझा नाही हा."

"नीट बघ, तुझाच असेल."

"माझ्याकडे स्वेटरच नाही मावशी, तर हरवेल कसा?"

मावशींनी स्वेटर परत घ्यायला हात पुढे केला. तोवर वकीलबाई तो घेऊन मालक शोधायला निघालीसुद्धा. वर्गावर्गात जाऊन तिने स्वेटर उंच धरला. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "माझा होता, आता लहान होतो." मग शेजारच्याकडे बोट दाखवून, "त्याचे ते बूटही माझेच." शेजारच्या मुलाने पाय बाकाखाली ओढून घेतले.

मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावलं. मावशींनी सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पण बाई म्हणाल्या, "कपाटाला कुलूप नको. मधल्या सुट्टीत उघडं ठेवा. ज्याला जे लहान झालं ते ठेवेल, ज्याला जे बसेल ते नेईल. सगळ्यांनीच. माझी मुलगी इथेच शिकते, तिच्यापासून सुरुवात करू."

त्यांच्या मुलीने भरपूर खिशांचं जुनं जाकीट उचललं. ते बघून खिशांसाठी भांडणं लागली आणि कपाटापाशी झुंबड उडायला लागली. कोण गरजेपोटी नेतंय आणि कोण हौसेपोटी, हे कुणाला ओळखता येईना.

मावशींना मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. कुणाला काय हवंय हे हेरण्यात त्यांचा जीव रमायचा, आता पोरं स्वतःच उचलत होती. बूटवाला मुलगा बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनीही त्याला छेडलं नाही.

वकीलबाई आली ती सगळ्यांच्या मागून. निळा स्वेटर केव्हाच गेला होता. तिने एक तपकिरी स्वेटर अंगात घातला, बाह्यांत हात बुडाले.

"ये, आखूड करून देते," मावशी म्हणाल्या.

"नको, पुढच्या वर्षीपण घालायचाय," असं म्हणून लोंबत्या बाह्या हलवत ती वर्गात गेली.