आईचा विसरलेला पासवर्ड
पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरच्यांचा वास आला की मला नंदुरबारचा तो दवाखाना आठवतो, कारण त्या दुपारी बाहेरच्या मैदानात पसरलेल्या मिरच्यांचा ठसका खिडकीतून सारखा आत येत होता. वडील गेले आणि त्यांनी म्हटलेली अहिराणी गाणी आईच्या फोनमध्ये अडकली. ती पासवर्डच विसरली होती, तो आठवावा म्हणून मी तिला त्या दवाखान्यात नेलं. संमोहन करणारे डॉक्टर आधीच म्हणाले, “आठवेलच असं नाही. मन चुकीचंही खरं मानून बसतं.” तरी आई डोळे मिटून बसली, बऱ्याच वेळानं तिनं ठामपणे चार आकडे सांगितले, आणि ते चुकले. मी हिरमुसलो. जिना उतरताना ती शांतपणे म्हणाली, “नंबर नही सापडना रे, पन त्यासनी माले हाक मारी, ती ऐकू उनी.” डोळे मिटल्यावर तिला वडिलांची हाक ऐकू आली होती. तो फोन आजही उघडलेला नाही, आणि उघडून दे असं आई त्यानंतर मला एकदाही म्हणाली नाही.