कौसल्यामावशीचा पडदा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय, ठाऊक नाही.

फोटोंची प्रदर्शनं मांडणं आणि त्यांवर लिहिणं हा माझा धंदा. नाव झालं ते एका पुस्तकामुळे. वसमतच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतले बायकांचे फोटो — बाजाराला आलेल्या, हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांच्या, तोंडाला पदर न लावता खळखळून हसणाऱ्या. मी लिहिलं, 'या बायका कुणाकडे बघून हसतात? कॅमेऱ्यामागे कोण होतं, ते आता कधीच कळणार नाही.' लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. पुण्या-मुंबईची, मग परदेशातलीही बोलावणी आली.

कोण होतं, ते मला माहीत होतं. आमच्या शेजारची कौसल्यामावशी. स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा. पण परक्या पुरुषासमोर लेकी-सुनांना एकटं कोण बसवणार? म्हणून बायका आल्या की ती नवऱ्याला चहाला पिटाळायची, पडदा ओढायची आणि काहीतरी चावट बोलून बटण दाबायची. ते हसणं मी लहानपणी पडद्याबाहेर बसून ऐकलंय. निगेटिव्हचे डबेही तिनंच दिले — घरचा समजून. मग नाव का गाळलं? नाव लिहिलं असतं तर कोडं उरलं नसतं. आणि कोडं नसतं, तर मला कोण विचारणार होतं?

पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो. चष्मा लावून तिनं सगळी पानं उलटली.

"फोटू बेस आलेत रे. पण माहं नाव काहून न्हाई?"

"छापणाऱ्याची चूक, मावशी. पुढच्या खेपेला येतं."

"व्हय? मंग होऊ दे."

तिनं ते खरं मानलं. गल्लीभर सांगत सुटली, पुढल्या पुस्तकात नाव येऊन राहिलंय म्हणून. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा फक्त एक ओळ बदलायची होती — मी बदलली नाही. लाज वाटत होती, पण उघडं पडायची भीती जास्त होती.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. माझं मनगट धरून तिनं विचारलं, "नवं पुस्तक... आलं काय?"

ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होतं — नांदेडला एकांना द्यायला घेतलेलं.

"न्हाई, मावशी," मी म्हणालो.

"येईल रे. तू नको तकलीफ करून घेऊ," ती म्हणाली आणि माझा हात थोपटत राहिली.

त्याच आठवड्यात ती गेली. पुस्तक मी नांदेडला पोचवलं होतं, पहिल्या पानावर माझी सही करून.